अस्सलबरहुकूम

माझ्या आयुष्यातली बत्तीस वर्षं जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात गेली. "नक्कल विभागात होतो" असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, तिथं माणसं एकमेकांच्या नकला करून दाखवत असतील. तसंही चालायचं, पण साहेब रजेवर असले तरच. एरवी आमचं काम म्हणजे जबान्यांच्या, निकालांच्या, दाव्यातल्या कागदांच्या नकला करायच्या, शब्द न् शब्द ताडून पाहायचा आणि खाली शिक्का मारायचा : 'अस्सलबरहुकूम नक्कल'. म्हणजे अस्सल जसं आहे तशीच ही नक्कल. अस्सलात काना चुकला असेल तर नकलेतही तो चुकलाच पाहिजे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, १९८१ साली, एका जबानीत 'वादीचा बैल' असं हवं होतं तिथं नुसतं 'वादी बैल' पडलं होतं. मी दयाबुद्धीनं मधला 'चा' घातला. साहेबांनी बोलावून घेतलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्हाला दुरुस्तीला ठेवलंय की नकलेला?" मी म्हटलं, "नकलेला." साहेब म्हणाले, "मग वादीला बैलच राहू द्या." वादी शेवटपर्यंत बैल राहिला. दावा मात्र जिंकला, असं पुढं कळलं.

हे सगळं सांगायचं कारण, माझा एका गोष्टीवर गाढ विश्वास होता. अस्सल एक असतं. ते दप्तरखान्यात, लाल फडक्यात, कुलपाआड असतं. नकला मग कितीही निघोत. जग या व्यवस्थेवर चाललेलं आहे असं मी धरून चाललो होतो. २०१३ साली निवृत्त झालो तेव्हाही चाललेलं होतं.

ती व्यवस्था आमच्या चिरंजीवांनी मोडली.

झालं असं, की २०२५ साली आमच्या आईची जन्मशताब्दी आली. धाकटा भाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो. त्याच्या डोक्यात आलं, की आपण तिघा भावंडांनी आईच्या आठवणी लिहून काढाव्यात आणि एक छोटंसं पुस्तक छापून नातेवाइकांत वाटावं. परदेशी राहणाऱ्या माणसाला आई जास्त आठवते आणि छपाईचा खर्च कमी वाटतो. थोरली ताई नागपूरला, मी साताऱ्यात. तिघांनी लिहायचं कसं आणि एकत्र करायचं कसं? दिवाळीला घरी आलेल्या चिरंजीवांनी फराळाच्या चकल्या संपेपर्यंत माझ्या संगणकावर काहीतरी बसवलं आणि म्हणाला, "बाबा, हे फोल्डर आता तिघांचं. तुम्ही इथं लिहिलंत की आत्याकडे आणि काकाकडे आपोआप दिसेल."

"म्हणजे त्यांना नक्कल जाणार."

"नक्कल नाही. तीच फाईल."

"मग अस्सल कुणाकडं राहणार?"

"अस्सल असं काही नसतं बाबा. सगळ्याच अस्सल."

मी सौभाग्यवतींकडं पाहिलं. ती चकल्यांचा रिकामा डबा पाहत होती. तिथंही अस्सल काही उरलं नव्हतं.

अस्सलाशिवाय नक्कल ही कल्पना माझ्या पचनी पडेना. मग निवृत्त माणसाकडं जी एक गोष्ट मुबलक असते, ती म्हणजे वेळ, ती खर्चून मी या विषयाचा छडा लावला. पहिली गोष्ट कळली ती ही, की ज्याला 'क्लाउड' म्हणतात तो ढग आकाशात नसतो. ती जमिनीवरची भलीमोठी इमारत असते, आत यंत्रांची कपाटंच्या कपाटं असतात आणि ती तापू नयेत म्हणून अहोरात्र गारवा करावा लागतो. म्हणजे आमचा दप्तरखानाच, फक्त वाळवीऐवजी उकाड्याची भीती. ढगाच्या भरवशावर निरोप सोडणारा पहिला माणूस कालिदासाचा यक्ष. त्यानं पोच घेतली नव्हती. ही यंत्रं पोच घेतात.

कशी घेतात, तेही वाचलं. ड्रॉपबॉक्सच्या पद्धतीत मोठ्या फाईलचे चार-चार मेगाबाइटचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यावरून गणितानं एक खूण काढतात. मजकुरात एक काना बदलला तरी खूण पार बदलते. मग दोन्हीकडच्या खुणा ताडून बघायच्या आणि जो तुकडा बदलला असेल तेवढाच पाठवायचा. हे वाचून मला गहिवरून आलं. प्रत्येक तुकड्याचा अंगठा घेऊन ताडून पाहणं, हेच तर आम्ही केलं जन्मभर! फक्त आम्हाला मधे चहा लागायचा.

ही ड्रॉपबॉक्स कंपनी २००७ सालची. तिच्या संस्थापकांपैकी एक, ड्र्यू ह्यूस्टन, बोस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघाला आणि पेन ड्राइव्ह घरी विसरला. चार तासांचा प्रवास, करायचं काम पुष्कळ आणि कागद घरी. तेव्हा वैतागून त्यानं बसमध्येच या योजनेची सुरुवात केली, असं तो सांगतो. मी एस.टी.त आजवर तीन छत्र्या, एक स्वेटर आणि सौभाग्यवतींच्या माहेरचा एक पितळी डबा विसरलो, पण मला कधी कंपनी काढावीशी वाटली नाही. फरक इथं पडतो.

अर्थात कल्पना त्याहून जुनी. विंडोज ९५ मध्ये 'ब्रीफकेस' नावाची सोय होती. फ्लॉपीवर कागद न्यायचे, घरी बदल करायचे, परत आणून जुळवून घ्यायचे. मायक्रोसॉफ्टनं पुढं ढगातल्या साठवणीला 'स्कायड्राइव्ह' असं नाव दिलं, तर इंग्लंडातली स्काय ही दूरदर्शन कंपनी कोर्टात गेली. २०१३ साली तिथल्या न्यायालयानं स्कायच्या बाजूनं निकाल दिला आणि २०१४ साली त्याचं 'वनड्राइव्ह' असं बारसं झालं. आकाशाच्या मालकीवरूनही दावा चालतो, हे वाचून निवृत्तीनंतर प्रथमच मला कोर्टाची आठवण प्रेमानं आली.

पण मला खरं अडवलं ते एका विशेषणानं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ साली 'कोडा' नावाच्या एका पद्धतीवर काम सुरू झालं. त्या कामाचे म्होरके महादेव सत्यनारायणन. एका नावात दोन देव, म्हणून मी जरा श्रद्धेनंच वाचू लागलो. एकाच कागदाच्या अनेक ठिकाणी प्रती असल्या आणि मधली तार तुटली तर काय करायचं, हा प्रश्न. त्याला दोन उत्तरं. एक निराशावादी : एक लिहीत असेल तोवर बाकीच्यांना कुलूप. दुसरं आशावादी : तार तुटली तरी ज्यानं त्यानं आपल्या प्रतीवर खुशाल लिहावं, दोघं एकाच वेळी एकाच जागी हात घालतील असं सहसा होत नाही, आणि झालंच तर तार जुळल्यावर बघून घेऊ. कोडानं आशावाद पत्करला. शास्त्रातले शब्दच आहेत हे, माझ्या पदरचे नाहीत.

आमचं जुनं घर निराशावादी होतं. कपाटाची किल्ली आजोबांच्या जानव्याला. पुढं ती आप्पांच्या कोटात आली. घरात निर्णय एकच जण लिहायचा, बाकीच्यांना कुलूप. त्यामुळं आमच्या घरात भांडणं होत नसत. लोक कौतुक करत. निराशावादी पद्धतीत भांडण होत नाही याचं साधं कारण म्हणजे बोलायलाच मिळत नाही.

आणि आता आम्ही तिघं, सत्तरीच्या आगेमागे, एकदम आशावादी झालो. फोल्डर भरू लागलं. मी 'आईची पहाट' लिहिली. धाकट्यानं 'आई आणि मुंजीतला गोंधळ' लिहिलं. 'कटाची आमटी' या विषयावर मी साताऱ्यात लिहीत असताना तो विमानात, तार तुटलेल्या अवस्थेत, लिहीत होता. तो उतरला आणि फोल्डरमध्ये दोन आमट्या झाल्या. एक नुसती 'कटाची आमटी' आणि दुसरीच्या नावापुढं कंसात धाकट्याचं नाव, तारीख आणि 'विरोधी प्रत' असा शेरा. माझ्या आमटीत आई गोडा मसाला घालत होती, त्याच्या आमटीत नुसतं सुकं खोबरं आणि जिरं. यंत्रानं निकाल दिला नाही. दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि बाजूला झालं. मी म्हटलं, हे यंत्र न्यायाधीश म्हणून नालायक आहे, पण नक्कल विभागाला झकास.

फोनवर तासभर वाद झाला. शेवटी ताई म्हणाली, "दोघंही बरोबर आहात. आप्पांचं पथ्य सुरू झाल्यावर मसाला बंद झाला. तू आधीची खाल्लीस, त्यानं नंतरची." मग दोन्ही आमट्या ठेवल्या.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचं तसं नाही.

एका दुपारी फोल्डरमध्ये ताईची नवी फाईल आली. नाव, '७२ साल'. उघडली. पहिल्या चार ओळी अशा होत्या : "७२ साली दुष्काळ होता आणि आप्पांचं दुखणं निघालं. मी कॉलेजचं एक वर्ष पास झाले होते. भाऊ मॅट्रिक झाला. फी माफ झाली असती, पण दोघांचे एस.टी.चे पास परवडणार नव्हते आणि घरात आईच्या हाताखाली कोणी नव्हतं. आई मला म्हणाली, तू थांब."

मी पुढं वाचलं नाही. मला राग आला. आईच्या शताब्दीला हे कशाला? नातेवाईक काय म्हणतील? आई काय मुलीचं शिक्षण बंद करणारी बाई होती? मी त्या फाईलवर बोट ठेवलं आणि ती काढून टाकली. मनात म्हटलं, माझ्या घरच्या प्रतीत तरी हे नको. तिच्याकडं राहील की तिचं.

नक्कल विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला, अस्सल वेगळं नाही हे वाक्य ऐकून कळलं होतं, वागण्यात उतरलं नव्हतं. मी साताऱ्यात पुसलं आणि नागपुरातलं पुसलं गेलं. एडिसनमधलंही. यंत्र मोठं इमानी. लिहिलेलं ज्या निष्ठेनं तिघांकडं पोचवतं, त्याच निष्ठेनं पुसलेलंही पोचवतं. लोकांना वाटतं, तीन घरी प्रत आहे म्हणजे जिन्नस सुरक्षित आहे. तसं नाही. जुळवून ठेवणं वेगळं आणि जपून ठेवणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. मी उत्तर तयार ठेवलं होतं, आईची अब्रू वगैरे. ताई म्हणाली, "अरे, माझी ती फाईल कुठं गेली रे? माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. मला मेलीला कळत नाही यातलं. कॉलेज पुरं केलं असतं तर कळलं असतं कदाचित." आणि हसली.

मी म्हटलं, "बघतो."

बघतो! काय बघणार होतो? चार दिवस मी ते "बघतो" घेऊन घरात फिरलो. खोटं बोललो नव्हतो. खरंही बोललो नव्हतो. सौभाग्यवती म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही." तीही म्हणाली, "बघा."

त्या चार दिवसांत मी स्वतःची बरीच उलटतपासणी घेतली. पूर्वी ज्याच्या त्याच्या आठवणी ज्याच्या त्याच्या ट्रंकेत असायच्या. मी माझी ट्रंक आवरली तर ताईच्या ट्रंकेतलं काही हलायचं नाही. विसरण्याचा हक्क प्रत्येकाला स्वतःपुरता होता. अविभक्त मालमत्तेतला एक हिस्सेदार दुसऱ्याचा हिस्सा विकू शकत नाही, हा कायदा मला पाठ होता. मग दुसऱ्याची आठवण पुसायचा मला काय अधिकार? यंत्रानं बटण दिलं म्हणून अधिकार मिळत नाही. किल्ली आप्पांच्या कोटात होती म्हणून कपाटातलं सगळं आप्पांचं होत नव्हतं.

बरं, यंत्राला तरी दोष कसा द्यावा? ७२ सालाबद्दल आमच्या घरात त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं कोणी अक्षर काढलं नव्हतं. आई बोलली नाही, आप्पा बोलले नाहीत, मी बोललो नाही, धाकट्याला तर कळलंच नाही. ताईचं ७४ साली लग्न झालं. ते पान सगळ्यांच्या प्रतीतून एकाच वेळी पुसलं गेलं होतं. तेव्हा कुठं होता संगणक? आणि कुठं होता ढग? जोडणी तेव्हाही होती. घर म्हणतात तिला.

आणि सर्वांत अडचणीचा प्रश्न शेवटी आला. मी आईचं नाव राखत होतो म्हणतो, पण त्या चार ओळींत आईवर आरोप कुठं होता? वाचताना मला झोंबलं होतं ते वाक्य आईचं नव्हतंच. "भाऊ मॅट्रिक झाला." तो भाऊ मी. एस.टी.चा पास माझा निघाला. पदवी मला मिळाली, तिच्या जोरावर नोकरी, आणि नोकरीत बत्तीस वर्षं मी शिक्का मारत होतो की मजकुरात फेरफार केलेला नाही.

पाचव्या दिवशी संगणक उघडला. काढलेल्या फायली तीस दिवस कचरापेटीत राहतात, असा आमच्या सेवेचा नियम. माणसांनीही हा नियम घ्यायला हरकत नाही. रागानं काढलेली माणसं तीस दिवस ठेवावीत, लगेच जाळू नयेत. त्या पेटीत '७२ साल' होती आणि शेजारी नोंद होती : 'काढून टाकणारे : तुम्ही'. यंत्रानं आदरार्थी बहुवचन वापरलं, एवढाच काय तो दिलासा.

एक बटण दाबलं. फाईल परत आली. आता पुढचं वाचलं.

"आई म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष आलं, पण कोणी बघितल नाही. माझी पुस्तकं भावाला उपयोगी पडली, ते बरं झालं. मी तिच्यावर रुसले नाही, कारण ज्या रात्री ती मला हे म्हणाली त्या रात्री आई जेवली नाही. सगळ्यांना वाढलं आणि पोट बिघडलंय म्हणाली. मी भांडी घासायला बसले तेव्हा ती शेजारी बसून नुसती राख पुढं करत राहिली."

आईबद्दल त्या फोल्डरमध्ये मी आणि धाकट्यानं मिळून चाळीसेक पानं लिहिली होती. पहाट, आमटी, मुंज, ओव्या, सगळं. त्यात इतकी आई कुठंच नव्हती. आणि तिचं नाव राखण्यासाठी मी नेमकं तेच काढून टाकलं होतं.

मी ताईला फोन केला. म्हटलं, "फाईल सापडली. तुझ्या हातून काही दाबलं गेलं नव्हतं. मी पुसली होती."

पलीकडं थोडा वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, "शेवटपर्यंत वाचलीस का?"

"आज वाचली."

"मग झालं." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यात एके ठिकाणी 'बघितलं' वरचा अनुस्वार राहिलाय बघ. तेवढा दुरुस्त कर."

मी म्हटलं, "ताई, मी दुरुस्तीला नाही. नकलेला आहे."

ती हसली. नेहमीचंच हसणं होतं की वेगळं, ते फोनवर ताडून पाहता येत नाही. तसा अंगठा घ्यायची सोय अजून निघालेली नाही.

त्या रात्री मी एक छोटी फाईल लिहिली आणि तिच्या फाईलशेजारी ठेवली. तिच्या पुस्तकांवर मी पहिल्या पानावर काय केलं होतं, एवढंच त्यात आहे. तिचं नाव खोडून त्याखाली माझं लिहिलं होतं. खोडलेलं नाव वाचता येत होतं. वर्षभर वर्गात पुस्तक उघडताना मी अंगठ्यानं ते झाकत असे. नाव काय द्यावं सुचेना, म्हणून लिहिलं, '७२ साल (विरोधी प्रत)'. विरोध असा काही नव्हता. पण शेजारी शेजारी ठेवायचं तर यंत्राच्या दरबारी तीच चाल आहे.

पुस्तक छापून झालं. त्यात दोन आमट्या आहेत आणि दोन '७२ साल' आहेत. 'बघितल' वर अनुस्वार नाही. मुद्रितं तपासणाऱ्यानं तिथं लाल खूण केली होती, ती मी खोडली. धाकट्याचा एडिसनहून फोन आला, त्याला बराच वेळ बोलता येईना. शेवटी म्हणाला, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं." मी म्हटलं, "आम्हीही एकमेकांना सांगितलं नव्हतं."

चिरंजीव म्हणतात, बाबा, आता हे सगळं फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवा. जुळवणीवर भरवसा ठेवू नका. ठेवलंय. किल्ली मात्र खिळ्याला अडकवलेली आहे, सगळ्यांना दिसेल अशी.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या टेबलाचा खण आवरताना एक झिजलेला, बाद झालेला रबरी शिक्का मी आठवण म्हणून खिशात टाकला होता. पुस्तकाची ताईला पाठवायची प्रत काढली, पॅड ओलं केलं आणि तिच्या '७२ साल' खाली तो उमटवला. अक्षरं जेमतेम उठली. 'अस्सल' एवढंच वाचता येतं.